जाऊबाईंची मात्रा

रत्नप्रभा जमदाडे यांचं ऑपरेशन प्रत्यक्षात व्हायच्या आधी हजार वेळा होऊन गेलं होतं, आणि त्यातल्या एकतीस वेळा त्या वारल्या होत्या.

ही बातमी त्यांना मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, तबस्सुम मुजावर नावाच्या मुलीनं दिली. तबस्सुम फिजिओथेरपिस्ट होती, वय एकोणतीस, आणि आवाज इतका मऊ की वाईट बातम्या द्यायचं काम हटकून तिच्याकडंच यायचं.

"एकतीस वेळा?" रत्नाक्कांनी विचारलं. "कशानं?"

"बहुतेक वेळा निमोनियानं, काकू. दोनदा पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. आणखी एकशे एक्याऐंशी वेळा तुम्ही वाचलात, पण महिना-महिना इथंच पडून होतात."

"आणि तेव्हा हे काय करत होते?" रत्नाक्कांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बोट केलं.

तबस्सुमनं संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. "काका तुम्हाला उशी नीट करून देत होते."

विश्वासरावांचा हात त्या क्षणीसुद्धा बायकोच्या पाठीमागची उशी नीट करत होता. तो त्यांनी हळूच मागं घेतला.

रत्नाक्का तासगावच्या. वय पासष्ट. त्यांचं बेदाण्याचं युनिट होतं. पूर्वी तिथं चाळीस बायका बसून बेदाणा निवडायच्या. आता कॅमेऱ्याचं यंत्र मिनिटाला हजारो दाणे पारखून हिरवा, पिवळा, काळा असं वेगळं करायचं. यंत्राच्या चुका पकडायला रत्नाक्का सरकत्या पट्ट्याशेजारी खुर्ची टाकून बसत, आणि सापडलेली चूक तोंडात टाकत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हाच त्यांचा दिनक्रम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले विश्वासराव त्यांना खुर्चीतच चहा, खुर्चीतच जेवण, खुर्चीतच औषधाच्या गोळ्या आणून देत. "माझ्या बायकोला मी काडी उचलू देत नाही," असं ते अभिमानानं सांगत, आणि ते शब्दशः खरं होतं.

पोटाच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ सापडली. सर्जन म्हणाले, लवकर सापडली आहे, काढली की झालं. पण ऑपरेशन चार आठवड्यांनी.

"चार आठवडे कशाला?" रत्नाक्कांनी विचारलं होतं. "उद्या काढा की."

"चार आठवड्यांत गाठीत फारसा फरक पडत नाही," सर्जन म्हणाले. "तुमच्यात पडू शकतो."

त्याचा अर्थ तबस्सुमनं उलगडून सांगितला. पोटाचं मोठं ऑपरेशन म्हणजे शरीराला घाट चढण्यासारखं असतं. माणूस पलंगावर निपचित पडलेला दिसतो, पण जखम भरून काढायला हृदय आणि फुप्फुसं आत पुढचे कितीतरी दिवस चढण चढत असतात. ज्याला एक जिना चढताना धाप लागते, त्याचा घाटात अर्ध्यावर दम संपतो. त्यात पडून राहिलं की स्नायू दिवसागणिक झिजतात, श्वास उथळ होतो, छातीत कफ साठतो. पूर्वी ऑपरेशन झाल्यावर व्यायाम सुरू करायचे. म्हणजे विहीर आग लागल्यावर खणायची. आता आधी खणून ठेवायची पद्धत आली होती: चार आठवडे चालणं, जिने, उठाबशा, फुप्फुसांचे व्यायाम, अंडी-डाळी. एवढ्या मुदतीत साठसत्तरीच्या माणसाची ताकदही चांगली वाढते.

हे सगळं डॉक्टरांना वीस-पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. अडचण एकच होती. व्यायामाचा तक्ता सगळ्यांना मिळायचा, आणि बहुतेकांचा तक्ता कपाटात राहायचा.

म्हणून 'जुळं' आलं. रुग्णाचे स्कॅन, रक्ताचे अहवाल आणि मनगटावरच्या पट्ट्यानं दहा दिवस गोळा केलेली माहिती घालून संगणकात त्याच्यासारखाच एक माणूस उभा करायचा आणि त्याच्यावर हजार वेळा ऑपरेशन करून बघायचं. जुळ्याला हजारो रुग्णांच्या माहितीतून एक गोष्ट कळली होती, जी कुणी त्याला शिकवली नव्हती: माणूस व्यायाम करेल की नाही हे त्याच्या निश्चयावर फारसं अवलंबून नसतं, जवळ कोण आहे यावर असतं. म्हणून पट्टा आजूबाजूच्या माणसांच्या फोनची चाहूल घ्यायचा आणि कोण जवळ असताना रुग्ण किती वेळा उठतो, किती चालतो, किती खोल श्वास घेतो, ते टिपून ठेवायचा. त्यासाठी नातेवाइकांची यादी लागे आणि प्रत्येकाच्या फोनवर संमतीचा निरोप जाई.

"तर काकू," तबस्सुम म्हणाली, "काका सोबतीला असताना वाईट निकालांचा आकडा येतो हजारात दोनशे बारा. मुलगा सोबत असला तर एकशे नव्वद. शेजारच्या कुसुमताई, दोनशे पाच. आम्ही यादीतल्या सतरा जणांना घालून बघितलं. एका व्यक्तीसोबत मात्र आकडा सत्त्याण्णववर आला."

"कोण गं ती?"

"मंदाकिनी जमदाडे."

रत्नाक्का विश्वासरावांकडं वळल्या. "तिचं नाव यादीत कुणी घातलं?"

"नातेवाईक लिहा म्हणाले," विश्वासराव पुटपुटले. "मी नातेवाईक लिहिले."

मंदा ही त्यांची धाकटी जाऊ. एकोणीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मधे मंदाचा नवरा, म्हणजे विश्वासरावांचा धाकटा भाऊ वारला, तेव्हा रत्नाक्का तेराव्यापर्यंत तिच्या घरी राबल्या, पन्नास माणसांचा स्वयंपाक केला, पण बोलल्या नाहीत.

"मशीन चुकलंय तुमचं," रत्नाक्का म्हणाल्या. "ती बाई दिसली तरी माझं डोकं उठतं."

"डोक्यासोबत तुम्हीही उठता, काकू," तबस्सुम म्हणाली. "अकरा तारखेला बारशाला गेला होतात ना? पट्टा म्हणतो, मंदाबाई खालच्या हॉलमध्ये आल्या आणि तुम्ही उठून गच्चीवर गेलात. त्या गच्चीवर आल्या, तुम्ही खाली आलात. असं चार वेळा. दोन तास दहा मिनिटं तुम्ही बसलाच नाहीत. श्वास इतका खोल की आम्हाला वाटलं पट्टा बिघडला. त्या दहा दिवसांतला तुमच्या फुप्फुसांचा सर्वांत चांगला दिवस तोच."

"तो राग होता!"

"फुप्फुसांना त्यानं फरक पडत नाही."

रत्नाक्का उठायला लागल्या. विश्वासरावांनी सवयीनं हात पुढं केला, मग तबस्सुमकडं बघून मागं घेतला, मग पुन्हा पुढं केला. "मेले तरी चालेल," रत्नाक्का म्हणाल्या, "पण मंदाला बोलावणार नाही."

परतीच्या रस्त्यावर कवलापूर मागं पडल्यावर विश्वासरावांनी एकदाच विचारलं, "रत्ना, मग चाळीस वर्षं मी केलं ते काय होतं?"

रत्नाक्कांनी खिडकीची काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वासराव गाडी काढून मंदाच्या घरी गेले. मंदा एसटीत कंडक्टर होती. तीस वर्षं खचाखच भरलेल्या गाडीत उभी राहिली होती आणि निवृत्त झाली तरी तिला बसायचं कसं ते नीट जमत नव्हतं. विश्वासराव आले तेव्हा ती उभ्यानंच शेंगा फोडत होती. थोरल्या दिरांना दारात बघून तिनं सूप खाली ठेवलं.

विश्वासरावांनी सगळं सांगितलं. गाठ, जुळं, एकतीस वेळा.

"अक्कांनी बोलवलंय?" मंदानं विचारलं.

"नाही. मशीननं."

मंदानं सूप पुन्हा उचललं. "मशीननं बोलवलं असेल तर येते. मशीनशी माझं भांडण नाही."

सोमवारी सकाळी सहाला जमदाड्यांच्या दारात मंदा उभी राहिली, पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. रत्नाक्का ओसरीत खुर्चीवर होत्या. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"अण्णा," मंदा मोठ्यानं विश्वासरावांना म्हणाली, "आत बसलेल्या प्रवाशांना सांगा, गाडी सुटायची वेळ झाली. नसतील येणार तर मी जाते. मशीनला कळवते, पेशंट भित्रा आहे."

रत्नाक्का ताडकन उठल्या. विश्वासरावांनी पुढं केलेला हात त्यांनी बघितलासुद्धा नाही. त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि सांगली रस्त्याला लागल्या, मंदाच्या पुढं दहा पावलं, कारण तिच्या मागं चालणं त्यांना मंजूर नव्हतं. मंदानं वेग वाढवला. रत्नाक्कांनीही वाढवला. मागून विश्वासराव घडीची खुर्ची, थर्मास आणि छत्री घेऊन स्कूटरवर येत होते.

संध्याकाळी तबस्सुमचा फोन आला. "काका, आज फार छान झालं. फक्त एक विनंती. तुमची स्कूटर शंभर फुटांच्या आत आली की काकूंचा वेग निम्मा होतो. तुम्ही उद्यापासून घरी थांबाल का?"

विश्वासरावांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि खुर्ची माळ्यावर टाकली. त्यांना एक काम मात्र मिळालं. फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र घरी आलं होतं. नळीतून श्वास ओढला की चेंडू वर जायचे. ते तासातासाला रत्नाक्कांसमोर धरायचे आणि किती चेंडू किती वेळ वर राहिले ते वहीत लिहायचे. नळी तोंडात धरून द्यायची नाही, ती रत्नाक्कांनीच धरायची, हे त्यांना दोनदा बजावून सांगावं लागलं.

पहिल्या आठवड्यात दोघी फक्त तिसऱ्याशी बोलल्या. तिसरं कुणी नसेल तर रत्नाक्का मनगटावरच्या पट्ट्याशी बोलायच्या. "तिला सांग, मला दम लागलाय." मंदा समोरच्या विजेच्या खांबाशी बोलायची. "दम लागला तरी पुढच्या खांबापर्यंत सगळेच जातात." शनिवारी जुळ्यावर पुन्हा हजार ऑपरेशनं झाली. आकडा दोनशे बारावरून एकशे एक्याऐंशीवर आला. दुसऱ्या शनिवारी एकशे एकोणचाळीस.

तासगावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पसरली ती अशी, की मिरजेच्या डॉक्टरांनी आता वैरी लिहून द्यायला सुरुवात केली आहे. त्यातून गावात नवेच प्रश्न उभे राहिले. कुसुमताई तोंड पाडून आल्या. "रत्नाक्का, मी एवढी शेजारीण, माझ्यासोबत दोनशे पाच? म्हणजे मी काय तुम्हाला मारायला टपलेय?" बेदाण्याच्या सौद्यात दोन व्यापारी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांतल्या एकाचा गुडघा बदलायचा होता, तर दुसऱ्यानं आपण होऊन निरोप पाठवला, "लागलं तर सांगा, मी आहे." एका निवृत्त हेडमास्तरांना अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं होतं. ते चिंतेत पडले. त्यांचं उभ्या आयुष्यात कुणाशी वाकडं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, घोटाळा झाला.

बेदाणा मार्केटच्या पुढच्या चढावर रत्नाक्कांच्या पायात गोळा आला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मंदानं खाली बसून त्यांची पोटरी दाबली, टाच वर धरून पाय ताणला. अगदी सहज, जाणत्या हातानं.

"हे कुठं शिकलीस?" रत्नाक्कांच्या तोंडून निघून गेलं. एकोणीस वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य होतं.

मंदा मान वर न करता म्हणाली, "आत्याबाईंच्या वेळी. दवाखान्यातल्या बाईनं दाखवलं होतं."

आत्याबाई म्हणजे दोघींची सासू. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. रत्नाक्कांनी त्यांना पलंगावरून खाली पाऊल टाकू दिलं नाही. दोन महिने अंथरुणात घास भरवला. मंदा सुट्टीच्या दिवशी यायची आणि सासूला बगलेत धरून उभी करायची. म्हातारी ओरडायची. एकदा रत्नाक्कांनी मंदाचा हात झटकला. "तुझ्या एसटीतली प्रवासी न्हाई ती! मारायला उठलीस काय तिला?" मंदा गेली ती परत आली नाही. तीन आठवड्यांनी आत्याबाई निमोनियानं गेल्या.

"मंदा," रत्नाक्का म्हणाल्या. "त्या पोरीनं मला सांगितलं, मी कशानं मरते ते. पडून पडून, छातीत कफ साठून. तेव्हाच मला आत्याबाई दिसल्या. त्या माझ्यामुळं गेल्या गं."

"नाही अक्का. वय झालं होतं त्यांचं."

"तू बरोबर होतीस."

"मी पण जरा जोरात ओढायची," मंदा म्हणाली. "मला ड्युटीवर जायची घाई असायची."

मग दोघी कठड्यावर बसल्या. रडल्या. मंदाच्या नवऱ्याबद्दल बोलल्या, तेराव्याच्या स्वयंपाकाबद्दल बोलल्या. समोरच्या टपरीवरून चहा आला, गरम भजी आली. एक वाटसरू थांबून म्हणाला, "काय हो, भांडण मिटलं काय?" त्यावर दोघी हसल्या आणि आणखी एक प्लेट मागवली.

दुपारी तबस्सुमचा फोन आला. "काकू, आज काही झालं का? पट्टा म्हणतोय तुम्ही पंचावन्न मिनिटं एका जागी बसलात."

"आमचं मिटलं गं!" रत्नाक्का आनंदानं म्हणाल्या.

"अरे बापरे," तबस्सुम म्हणाली.

शनिवारी आकडा खाली यायच्या ऐवजी एकशे अठ्ठावन्नवर गेला. मंदा आता सकाळी डब्यात लाडू घेऊन यायची. अक्का दमल्या की तिला वाईट वाटायचं. पुढच्या खांबाचं नाव निघत नव्हतं. जुळ्याच्या हिशोबी मंदाकिनी जमदाडे आता जवळजवळ विश्वासराव झाल्या होत्या.

"खोटं खोटं भांडू आपण," मंदानं सुचवलं. त्यांनी प्रयत्न केला. दोघी एकमेकींना अद्वातद्वा बोलल्या आणि पट्ट्यावर नाडी बहात्तर, शांत. तबस्सुम म्हणाली, त्याला फसवता येत नाही.

"मग माझ्या एकटीचं बघ," रत्नाक्का म्हणाल्या. "मी लहान पोर आहे काय? मी एकटी चालेन." सलग दोन दिवस त्या एकट्या निघाल्या. पहिल्या दिवशी ओळखीच्या चार घरी चहा झाला. दुसऱ्या दिवशी त्या युनिटच्या फाटकापर्यंत गेल्या आणि आत खुर्ची दिसली. आकडा एकशे एकाहत्तर.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते. विश्वासराव चेंडूंच्या वहीची पानं नुसती मागंपुढं करत होते. रत्नाक्का बाहेरून विनोद करत होत्या, पण मुलाला फोन लावून युनिटची कागदपत्रं कुठं आहेत ते त्यांनी सांगून ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी मंदानं तबस्सुमला फोन केला. "पोरी, राग आला तर आकडा खाली येतो, हे नक्की ना?"

"खरा राग असेल तर. पण काकू..."

"आणि तो किती दिवस टिकायला लागतो?"

"ऑपरेशननंतरचे तीन-चार दिवस सर्वांत महत्त्वाचे. तेव्हा त्यांनी उठायलाच पाहिजे. मंदाकाकू, मी हे करायला सांगू शकत नाही. तुमचं आत्ताच जुळलंय."

"तू कुठं सांगितलंस? मी तिकीट किती लांबचं आहे ते विचारलं फक्त," मंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रत्नाक्कांकडं कुसुमताईंसकट चारपाच बायका भेटायला जमल्या होत्या. आजारी माणसाकडं बोलायचं म्हणून जुन्या आठवणी निघाल्या. रत्नाक्का म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई माझ्या आमटीशिवाय जेवायच्या नाहीत हो. वीस वर्षं दोन वाट्या. शेवटच्या दिवशीसुद्धा."

रत्नाक्कांना आयुष्यात एकाच गोष्टीचा खराखुरा अभिमान होता: ती आमटी. तिचा मसाला त्यांनी सुनेलासुद्धा सांगितला नव्हता.

मंदा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "एक वाटी."

"काय?"

"एकच वाटी खायच्या. दुसरी मागच्या दाराला मांजराला घालायच्या. मला म्हणायच्या, मंदा, रत्नाला सांगू नकोस, तिला वाईट वाटंल, पण हिच्या हाताला चवच न्हाई."

कुसुमताईंच्या हातातला कप बशीवर वाजला. एका बाईनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला.

रत्नाक्का उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चालती हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. मला वाटलं तू बदललीस. एकोणीस वर्षं बोलले न्हाई तेच बरोबर होतं."

"जाते की," मंदा म्हणाली. "उद्या सहाला येते. मशीननं बोलवलंय. तुमच्यात दम असला तर या."

ती वळणावर जाईपर्यंत ताठ चालली. वळणापलीकडं विश्वासरावांनी तिला गाठलं, तेव्हा ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. मंदा बसली आहे, हे बघूनच त्यांना सगळं कळलं. खिशातला धुतलेला रुमाल त्यांनी तिच्यापुढं धरला आणि घरी परतले.

पुढचे सहा दिवस रत्नाक्का चालल्या तशा तरुणपणीसुद्धा चालल्या नव्हत्या. चढ, जिने, पुन्हा चढ. वाटेत पट्ट्याला सांगायच्या, "तिला विचार, मांजर कुठल्या रंगाचं होतं? आमच्या घरात मांजरच नव्हतं!" मंदा खांबाला सांगायची, "मांजर शेजारचं होतं. आमटी खाऊन दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं." रत्नाक्का दात-ओठ खात पुढचा खांब गाठायच्या. चेंडू तिन्ही वर जाऊन तिथंच थरथरत राहायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जुळ्यानं शेवटची हजार ऑपरेशनं केली. चौऱ्याण्णव. त्यांतली नऊ मरणाची.

"नऊ म्हणजे आहेतच की अजून," विश्वासराव म्हणाले.

"शून्य कुणाचंच येत नाही, काका," तबस्सुम म्हणाली.

एक हजार एकावं ऑपरेशन साडेतीन तास चाललं. गाठ पूर्ण निघाली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रत्नाक्कांच्या नाकात नळी, हातात सलाईन, पोटावर टाके. तबस्सुम म्हणाली, "काकू, उठायचं." रत्नाक्कांनी डोळे मिटून घेतले. नर्सनं सांगून बघितलं, सर्जनही येऊन सांगून गेले. रत्नाक्का भिंतीकडं तोंड करून कण्हत म्हणाल्या, "आजचा दिवस राहू दे. अहो, सांगा ह्यांना. मला फार दुखतंय हो."

तबस्सुमनं विश्वासरावांकडं पाहिलं. विश्वासराव पलंगाशेजारी उभे होते. बायकोनं मागितलेली एकही गोष्ट त्यांनी आजवर नाकारली नव्हती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला.

"रत्ना," ते म्हणाले, "मंदा बाहेर व्हरांड्यात बसलीय."

"बसू दे."

"दहा-बारा बायका जमल्यात तिच्याभोवती. ती त्यांना..." खोटं बोलायची विश्वासरावांना सवय नव्हती. "ती त्यांना आमटीची गोष्ट सांगतेय. मांजरासकट."

रत्नाक्कांनी डोळे उघडले.

उठायला चार मिनिटं लागली. पाय खाली टाकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, विश्वासरावांच्याही आलं, पण त्यांनी पाठीमागचे हात सोडले नाहीत. तबस्सुमनं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या हातानं रत्नाक्कांनी सलाईनचा स्टँड धरला, आणि चाकं करकरत मिरवणूक दाराबाहेर पडली.

व्हरांड्यात बायका नव्हत्या. लांबलचक बाकावर मंदा एकटी बसली होती, पदराचा बोळा करून तोंडावर धरलेला, खांदे हलत होते. तिनं चाकांचा आवाज ऐकून वर पाहिलं. उभ्या असलेल्या अक्का बघितल्या आणि तिला रडावं की हसावं ते कळेना.

रत्नाक्कांनी आधी तिच्याकडं बघितलं. मग मागं वळून नवऱ्याकडं. विश्वासराव छताकडं बघत होते.

"मंदे," रत्नाक्का म्हणाल्या. एकेका शब्दाला श्वास लागत होता. "खरं सांग. आत्याबाई असं म्हणाल्या होत्या काय?"

मंदा उठून उभी राहिली. तिनं नाक पुसलं, पदर खोचला आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या खिडकीकडं हात केला.

"तिथपर्यंत चला," ती म्हणाली. "मग सांगते."

"लांब आहे ती."

"मग राहू दे."

रत्नाक्का चालायला लागल्या. खिडकीपाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि श्वास पार खालपर्यंत जात होता. खाली रुग्णालयाच्या आवारात रिक्षा लागल्या होत्या, कुणीतरी नातेवाईक डबे घेऊन आत येत होते.

"हं. सांग आता."

"परत खोलीपर्यंत," मंदा म्हणाली. "दारात सांगते."

रत्नाक्कांनी तिला एक शिवी दिली. ती ऐकून वॉर्डातल्या दोघी नर्स दचकल्या आणि तबस्सुमनं घड्याळात वेळ बघून घेतली. मग रत्नाक्कांनी स्टँड वळवला, मोकळा हात मंदाच्या खांद्यावर टाकला, आणि परत निघाल्या.